थोरल्या दिराला मशीन शिकवताना

माझ्या तोंडाला आमच्या संस्थेतली पोरं टरकून असतात. कुणी चप्पल घालून मशीनजवळ आलं, कुणी फिरत्या टूलजवळ बोट नेलं, की मी सोडत नाही. "आईबापानं जास्तीची बोटं दिलीत का रे तुला?" असं एकाला विचारलं होतं, तर तो बरेच दिवस हात पाठीमागं बांधून फिरायचा. काय करणार, जळकोटची आहे मी. हायवेच्या कडेला वाढलेली माणसं ट्रकच्या वर आवाज काढूनच बोलायला शिकतात.

अशा बाईला एक विद्यार्थी असा भेटला, की त्याच्यापुढं तिची दातखीळच बसायची. ते म्हणजे माझे थोरले दीर.

माझं काम आधी सांगते. धाराशिवला एका खासगी संस्थेत मी कॉम्प्युटरवरून मशीन चालवायला शिकवते. लोखंडाचा जो भाग बनवायचा त्याचं चित्र कॉम्प्युटरवर काढायचं. मग सॉफ्टवेअरला सांगायचं, कुठलं टूल, म्हणजे कापायचं हत्यार, घे, कुठून आत शिर, किती खोल जा. सॉफ्टवेअर ते सगळं पडद्यावर खोटं खोटं कापून दाखवतं. तो प्रोग्राम मशीनला धाडला की मशीन खरं खरं कापतं. ऐकायला सोपं आहे. पण पडद्यावर चूक झाली तर नुसता रंग लाल होतो, आणि मशीनवर झाली तर टूलचे तुकडे काचेवर येऊन आदळतात.

आता घरचं. माझं सासर येरमाळ्याचं. आमच्याकडं थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर, खुर्चीवर बसायचं नाही, त्यांच्या गाडीवर मागं बसायचं नाही, आणि थेट बोलायचं तर मुळीच नाही. भाऊजी हाताच्या अंतरावर बसलेले असायचे आणि मी भिंतीला सांगायची, "वाढलंय म्हणावं." तेही भिंतीलाच उत्तर द्यायचे, "येतो म्हणावं." मला कुणी हे मारूनमुटकून शिकवलं नव्हतं. सासूबाई तशा वागल्या, भावकीतल्या बाया वागल्या, मग मीही वागले. चांगलं का वाईट, याचा विचार करायला सवड होती कुणाला!

भाऊजी पुण्याला एका कारखान्यात मिलिंग मशीनवर होते. जुनं मशीन, हातानं चाकं फिरवून चालवायचं. कारखान्यानं ती मशीनं काढून कॉम्प्युटरची आणली आणि जुन्या लोकांना सांगितलं, शिका नाहीतर निघा. भाऊजींचा स्वभाव म्हणजे सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. ते निघाले. गावी आले. शेत होतं ते माझा नवरा बघायचा, त्यात तिसऱ्या हाताला काम नव्हतं. शेवटी पुण्याच्याच कुण्या ओळखीच्यानं एका सोसायटीच्या गेटवर वॉचमनची जागा बघून दिली. ड्रेसचं मापसुद्धा कळवून झालं होतं.

थोरल्या जाऊबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. भाकरी थापता थापता त्यांचे डोळे वाहत होते आणि पीठ लागलेल्या मनगटानं त्या ते पुसत होत्या. "ज्या माणसानं लोखंड कापलं गं जलमभर, त्यो आता गेटवर हुबा राहून गाड्यांना सलाम ठोकणार? मन मरंल त्यांचं. मरंलच बघ." मग हळूच म्हणाल्या, "धाराशिवच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपला माणूस पायजे म्हणत्यात. पर तुझं ते कॉम्प्युटरवालं यायला पायजे. दसरा झाला की टेस घेणार हायेत. तू शिकव की."

"मी? भाऊजींना?" मी म्हटलं. "अवो, मी त्यांच्याशी बोलत न्हाई, शिकवू कशी?"

"ते मला काय म्हाईत? शिकलेली तू हायेस."

जाऊबाईंनी ते भाऊजींच्या कानावर घातलं. तिसऱ्या दिवशी मी एसटीतून उतरून संस्थेत पोचले, तर त्यांची मोटरसायकल दारात उभी. तेव्हापासून आमचं ते सुरू झालं. एकाच घरातून निघून एकाच ठिकाणी जायचं. ते गाडीवर, आणि मी येडशीमार्गे येणाऱ्या एसटीत दांड्याला लोंबकळत. रस्त्यात ते एसटीला ओव्हरटेक करायचे. मी खिडकीतून बघायची. कंडक्टरला सुद्धा माहीत झालं होतं.

पहिल्या दिवशी ते वर्गात आले तेव्हा माझा हात आपसूक डोक्याकडं गेला. साडी संस्थेत आल्या आल्या बदललेली, अंगात ड्रेस आणि वर पांढरा अॅप्रन. पदर कुठला सापडतोय! हात तसाच मानेवर ठेवून मी फळ्याकडं वळले. पोरं दात काढत होती.

भाऊजींना लोखंड कळत होतं, माउस कळत नव्हता. रेघ काढायला जायचे आणि रेघ भलतीकडंच पळायची. "ह्यो माउस खराब हाय," असं ते शेजारच्या पोराला सांगायचे. माउस बदलून दिला. तोही खराब निघाला. नाचता येईना अंगण वाकडं, हे माझ्या अगदी ओठांवर आलेलं, पण गिळलं. दुसऱ्या कुणाला दोन मिनिटांत सरळ केला असता मी. इथं मी सगळ्या वर्गाला उद्देशून म्हणायची, "सगळ्यांनी नीट बघा बरं, रेघ काढताना आधी टोक पकडायचं." आणि ते शेजारच्याला म्हणायचे, "मॅडमला म्हणावं, परत एकदा दावा."

लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्याकडं उलटं झालं होतं. सून बोलायची कुणा परक्या पोराला, आणि लागायचं थोरल्या दिराला. भाऊजींनी केलेली चूक मी दुसऱ्या पोराच्या नावावर खपवून त्याला झाडायची. ते गरीब पोरगं म्हणायचं, "पण मॅडम, मी तर असं केलंच न्हाई!" आणि मागच्या बाकावर भाऊजी खाली मान घालून ती चूक दुरुस्त करत असायचे.

शिकले मात्र झपाट्यानं. हात एकदा बसला म्हटल्यावर त्यांची चित्रं अशी नेटकी यायला लागली की मी बघत राहायची. पडद्यावर टूल फिरताना, लोखंड थराथरानं उतरताना ते असे बघायचे, जसं काही हे सगळं आजवर त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. आणि तिथंच माझी झोप उडाली. पडद्यावर त्यांचा भारी विश्वास बसला.

पडदा खोटं बोलत नाही, पण त्याला मशीनवरचं काही दिसत नाही. त्याला तुम्ही जे सांगितलं तेच खरं. टूल कुणी हलवलं, जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, कुणी सरकवला, त्याला काय कळणार? म्हणून मशीनवर एक वेगाचा नॉब असतो. टूल पहिल्यांदा खाली येताना हात त्या नॉबवर ठेवायचा, जॉबच्या वर चार बोटं आलं की वेग शून्य करायचा. अजून किती खाली जायचंय तो आकडा मशीन दाखवतं. डोळ्याला दिसणारं अंतर आणि तो आकडा जुळला तरच पुढं जायचं. प्रत्येक टूलला. दर वेळी.

भाऊजी हे करायचे नाहीत. बटण दाबायचे आणि हाताची घडी घालून उभे राहायचे. टूल धाडकन खाली यायचं. मी एकदा दुसऱ्या पोराला जाम फैलावर घेतलं, "नॉबवर हात ठेवायला लाज वाटते का रे? मशीन फुटल्यावर काय मामाच्या गावाला जाणार?" भाऊजींना बरोबर कळलं. त्यांनी शेजारच्याला सांगितलं, "मॅडमला म्हणावं, ज्याचा हात थरथरतो त्यानं नॉब धरावा. म्या डोळे झाकून मशीन चालवल्यालं हाय." मला असा संताप आला! आणि तोंडाला कुलूप. त्या दिवशी मी एसटीत सगळ्या वाटेनं स्वतःशीच भांडत आले. कंडक्टरनं विचारलं, "बाई, बरं हाय न्हवं?"

घरी येऊन जाऊबाईंना सांगितलं, "भाऊजींना म्हणावं, नॉब. नुसतं एवढंच सांगा. नॉब." जाऊबाईंनी त्यांना काय सांगितलं देव जाणे. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा हात नॉबवर होता. मनात नव्हता, हे दिसत होतं. कधी ठेवायचे, कधी विसरायचे. टेस्ट जवळ येत चालली आणि मला एकच धास्ती, त्या दिवशी ठेवतील का नाही.

खंडे नवमीला आम्ही मशीन बंद ठेवतो. पोरांनी मशीन पुसून लख्ख केलं, झेंडूचं तोरण बांधलं. टूलं सगळी मशीनमधल्या आपापल्या नंबराच्या खान्यांतून बाहेर काढून पाटावर मांडली. पूजेचा मान वयानं मोठ्या माणसाचा, म्हणून भाऊजींनाच बसवलं. त्यांनी एकेका टूलला हळदकुंकू लावलं, इतकं मन लावून, की वर्गातली वात्रट पोरंसुद्धा हात जोडून उभी होती. मीही हात जोडले. मागितलं काय ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. त्याच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट. आमच्याकडं पूजा केली ज्यानं, उचलायचीही त्यानंच. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

टेस्टच्या सकाळी माझी एसटी रखडली. दसरा झाला तरी पुनवेसाठी तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला, गाडी मुंगीच्या पायानं चाललेली. मी पोचेपर्यंत वर्कशॉपचे सुपरवायझर येऊन बसले होते. त्यांची मशीनं कामात अडकलेली, म्हणून टेस्ट आमच्याच मशीनवर होती. पूजा उचललेली होती, पाट भिंतीला लावलेला, टूलं आत गेलेली.

"मॅडम, तुम्ही त्या पिवळ्या पट्ट्याच्या मागं थांबा," सुपरवायझर म्हणाले. "एक शब्द बोललात तर टेस्ट रद्द. एका ठिकाणी शिकवणारेच उत्तरं सांगत होते, तेव्हापासून आम्ही कडक झालोय."

मी मागं झाले. भाऊजींनी कागदावरचा भाग बघून कॉम्प्युटरवर चित्र काढलं, प्रोग्राम केला. हात जरासुद्धा अडखळला नाही. पडद्यावर सगळं हिरवं. प्रोग्राम मशीनमध्ये घातला, जॉब पक्का धरला, दार लावलं, बटण दाबलं. पहिला मोठा कटर आला आणि वरचा थर साफ करून गेला. सुपरवायझरनं मान डोलावली. माझ्या जिवात जीव आला.

मग मशीननं टूल बदललं. दोन नंबरच्या खान्यातलं टूल बाहेर आलं आणि मी बाजूच्या काचेतून बघितलं, तर त्याची मान लांब.

दोन नंबरचा कटर आखूड असतो. हा तीन नंबरचा होता. मानेवर कुंकवाचं बोट तसंच होतं.

एका क्षणात माझ्या डोक्यात सगळं लखलखलं. पूजा उचलताना भाऊजींनी टूलं परत आत ठेवली ती मोठं आधी, बारीक नंतर, अशी ओळीनं. पुण्याच्या कारखान्यात कपाटात तशीच लावायचे. आमच्या मशीनला मोठं-बारीक कळत नाही, खान्याचा नंबर कळतो. दोन नंबरला आखूड कटर आहे, असं त्याच्यात भरलेलं. आता ते या लांब कटरला आखूड समजून तेवढंच खाली उतरवणार, आणि कटर सरळ लोखंडात घुसणार. पडद्याला यातलं काहीही माहीत नव्हतं. पडदा हिरवाच होता.

भाऊजींची पाठ माझ्याकडं होती. त्यांचा हात कुठं आहे ते दिसत नव्हतं.

ओरडले तर टेस्ट रद्द, म्हणजे पुण्याचं गेट. न ओरडले तर कटर फुटणार, कदाचित मशीनही बसणार, आणि तरीही पुण्याचं गेट. मग मशीन तरी वाचवावं. मी ठरवलं. खरंच ठरवलं. टूल खाली यायला लागलं आणि मी तोंड उघडलं, "थांबा" म्हणायला.

आवाज निघेना.

आता गं बया! घशातून वारासुद्धा निघेना. पोरांवर गरजणारी मी, समोर थोरले दीर, आणि माझी जीभ टाळूला चिकटलेली. हात मात्र डोक्याकडं गेला. पदर धरायला! त्या क्षणी मला स्वतःची अशी चीड आली की वाटलं आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी. कटर सरसर खाली येत होता. मी डोळे मिटले.

आवाज झाला नाही.

डोळे उघडले तर कटर जॉबच्या वर चार बोटं, जागेवर थांबलेला. भाऊजी जरा बाजूला सरकले तेव्हा त्यांचा डावा हात दिसला. नॉबवर. नॉब शून्यावर. उजव्या हाताची चार बोटं त्यांनी काचेला आडवी लावली होती, आणि ते एकदा बोटांकडं, एकदा आकड्याकडं बघत होते. मग त्यांनी मशीन बंद केलं, दार उघडलं आणि कटरच्या मानेवरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं.

"काय झालं?" सुपरवायझर.

"टूलं बदलल्यात साहेब. सकाळी पूजा म्याच उचलली. चुकी माझीच. समद्यांची लांबी परत घ्यावी लागंल."

"घ्या. पण वेळ तुमचाच जातोय."

भाऊजी घाईला आले नाहीत. एकेक टूल जॉबवर हळूच टेकवून लांबी घेतली, आकडे भरले, पुन्हा पहिल्यापासून तपासलं. घाई मला होती. पिवळ्या पट्ट्याच्या मागं उभी राहून मी घड्याळाकडं बघत होते आणि पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते. वेळ संपता संपता त्यांनी भाग काढून, पुसून सुपरवायझरच्या हातात दिला. सुपरवायझरनं मोजला. उलटा केला, परत मोजला. एवढा वेळ लागतो का मोजायला!

"सोमवारपासून या," ते म्हणाले.

सगळे गेल्यावर मी बाहेर चहाच्या टपरीशी उभी होते. भाऊजी आले. दोन चहा सांगितले. टपरीवाल्याकडं बघत नव्हते, भिंतीकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला दिसलं व्हतं न्हवं? काचंत दिसत व्हतीस तू मला. पर वरडली न्हाईस. भरवसा ठिवलास माझ्यावर."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट बोलले, आणि तेही चुकीचं बोलले. मला गप्प राहता आलं असतं. कौतुक कुणाला नको असतं! पण माझं डोकं तापलेलं होतं, ते सगळं एकदम बाहेर आलं.

"भरवसा कसला, भाऊजी? मी वरडणारच होते. तोंड उघडलं होतं. आवाजच फुटला न्हाई. तुमच्यासमोर फुटतच न्हाई. तुमचा हात नॉबवर नसता तर आज मशीन गेलं असतं, काच फुटून तुम्हाला लागलं असतं, आणि मी पदर शोधत उभी राहिले असते."

बोलून झाल्यावर कळलं काय बोलले ते. टपरीवाला कप विसळायचा थांबला होता. भाऊजींनी चहा संपवून कप ठेवला.

"मग हितनं पुढं वरडत जा," ते म्हणाले. "टूल थोरला-धाकला बघत न्हाय."

एवढं बोलून ते गाडीवर बसून गेले आणि मी एसटीनं आले. घरात त्यांनी यातला एकही शब्द काढला नाही. मला वाटलं, टपरीवरचं टपरीवरच राहिलं.

सोमवारी ते पहिल्यांदा कामावर निघाले. जाऊबाईंनी हातावर दही घातलं. सासूबाई उंबऱ्यात, शेजारच्या बाया ओट्यावर, माझा नवरा दारात. मी आपली नेहमीप्रमाणं पदर घेऊन दाराआड. भाऊजींनी किक मारली आणि गाडी काढली. स्टँड खालीच. गाडी चालली इतकी हळू, की शेजारची म्हातारी सोबत चालू शकली असती. कुणाचंच लक्ष नव्हतं. भाऊजी समोर बघत होते. पुढं वळण होतं.

"भाऊजी, स्टँड!"

जळकोटच्या हायवेवरचा आवाज होता तो. सगळी गल्ली वळून बघायला लागली. सासूबाईंनी डोळे वटारले. भाऊजी थांबले, टाचेनं स्टँड वर घेतलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मागं वळून म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." मग गाडी भरधाव गेली.

जाऊबाई माझ्या कानाशी आल्या. "अगं, लगीन झाल्यापास्नं बघतीया मी," त्या म्हणाल्या. "ह्यो माणूस स्टँड कधी इसरत न्हाय."